रक्त द्यायला आलेला आर्विड

—नाही हो बाई, रक्त पिणार नाहीत, थोडंसंच काढतात. मुलगा आत गेलाय ना तुमचा? पहिल्यांदाच? मग रडा, रुमाल तिथे आहेत, या दवाखान्यात तेवढे मात्र फुकट मिळतात. क्लोझापीन म्हणजे गोळ्यांमधली महाराणी — रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटवते म्हणून तपासायला सारखी सुई, उशी लाळेने भिजते, पोट असं सुटतं की स्वतःचे बूट दिसत नाहीत. पण माणूस जिवंत राहतो. हो, खरंच. माझंच बघा ना.

आधीच्या गोळीने माझ्या डोक्यातले आवाज बंद झाले होते. डॉक्टर खूश, बहीण खूश, सगळ्या डुलुथ गावाला आनंद! आणि मला काय दिसलं? चाळिशी उलटलेला, बहिणीच्या तळघरात राहणारा आर्विड. आवाज होते तेव्हा निदान कुणीतरी माझ्या मागावर होतं — नंतर कुणालाच माझं काही पडलेलं नव्हतं. मग निघालो गोठलेल्या सरोवरावर, मार्चमधल्या त्या कच्च्या बर्फावरून, सरळ आत. मार्लिस, माझी बहीण, घरातल्या सपातांवर मागे आली. रडली? छे! म्हणाली, "आर्विड, सूप निवतंय." आता एवढं सांगितल्यावर कसा मरणार माणूस? त्यानंतर ही महाराणी सुरू झाली. म्हणून सांगतो, पोरगा शहाण्यासारखं बोलायला लागला की केक कापू नका, त्याच्याजवळ बसा. तेव्हाच बसा.

मार्लिस? ती मजेत आहे, ॲरिझोनात. गुडघ्यांना ऊन हवं होतं तिच्या. दर रविवारी फोन करते — "गोळ्या घेतोस ना रे?" — "घेतो गं बाई!" तिकडून तिला काय दिसणार? आणि इथे तर पेशी मोजतात फक्त, गोळी पोटात गेली की बेसिनमध्ये, हे त्या नळीत थोडंच कळतं! सोयच आहे म्हणा—

असं काय बघताय? अहो, गंमत केली. थोडेच दिवस झालेत. झोप येत नाही एवढंच, आणि काल उगाच सरोवराकडे — फिरायला, बाई, लोक फिरायला जात नाहीत का? बसा. नर्सला कशाला? तुमच्या मुलाचं बघा तुम्ही, मी कोण तुमचा? हात सोडा. बसा म्हणतो ना...

बरं. बोलवा.