रिकामा रकाना

मोनाली : नाही तेजस, ‘रिकाम्या नोंदी योग्य रीतीने हाताळल्या जातात’ हे आपल्या प्रोग्रामच्या डॉक्युमेंटेशनमध्ये चालणार नाही. योग्य म्हणजे काय? सरळ लिही, ही मेथड रिकाम्या नोंदी सोडून देते आणि उरलेल्यांचीच सरासरी काढते.

तेजस : हे कोणालाही कळतं गं.

मोनाली : मागेही हेच म्हणालास. मी घातलेलं वाक्य खोडलंस. वर म्हणालास, ‘आपण बालवाडी चालवत नाही.’

तेजस : हळू बोल. काका आत आहेत.

मोनाली : पितांबरकाका? जळगावला कधी आले?

तेजस : परवा. धुळ्याकडे, गावात, तोंड दाखवायची लाज वाटते म्हणतात. विहिरींचं पाणी तेच मोजायचे ना. दोरी सोडायची, भिजली तेवढी मोजून लिहायची. कोरडी विहीर असली की रकाना रिकामा.

मोनाली : आणि ते आकडे आपल्या प्रोग्राममध्ये गेल्यावर मेथडनं त्या विहिरी वगळल्या.

तेजस : बाकी बठ्ठ्या आटल्या, दोन भरलेल्या राहिल्या. सरासरी त्या दोघींचीच! टँकर ठरवणाऱ्यांना वाटलं, गावात पाणीच पाणी. टँकर गेला शेजारच्या गावाला. काकू अजून डोक्यावर हंडा घेऊन शिवारापार जाते.

मोनाली : आणि बोलणी काकांना.

तेजस : भर ग्रामसभेत. ‘पितांबर, शून्य लिहायला काय झालं होतं?’ काकांनी मान खाली घातली.

मोनाली : हिशोब आपला होता, हे त्यांना सांगितलंस?

तेजस : धीर होत नाही.

पितांबर : पोरी, तू आयी का? बस. मी बाहेर ओट्यावर बसस, तुमनं काम चालू द्या.

मोनाली : काका, थांबा ना. तुम्ही शून्य का नाही लिहिलं?

पितांबर : इहीरना नाववर शून्य? तिनी पूजा करतस आम्ही. हात धजना नही. मनीच चूक शे.

तेजस : नही काका. चूक मनी शे.

पितांबर : तुनी कशी?

तेजस : तो हिशोब मीच बनवेल शे. रिकामी जागा दिसली की तो ती विहीर गाळतो. लोकांना हे सांगायला हवं होतं. हिनं लिहिलं होतं, मी खोडलं. तुम्हाला शिव्या बसल्या तेव्हाही मी गप्प बसलो.

पितांबर : ऱ्हाऊ दे रे. मनं नाव ते गयंच. तुनं कशाले घालस? गावले तुना भलता अभिमान शे.

तेजस : तोच तर टोचतोय, काका. मोनाली, तुझं वाक्य होतं तसं टाक. अगदी वर. मी काकांना घेऊन गावाला निघतो. सगळ्यांसमोर सांगतो.

पितांबर : आज?

तेजस : आत्ता.

पितांबर : मंग थांब जरा. धुयेल सदरा घाली लेस.