फोक्कोच्या फोल्डरात कोण बसलंय

— हात लावू नका त्याला! अहो, थांबा म्हणतेय ना! ट्रॉली आणलीत म्हणून काय लगेच प्लग उपटणार? सर्व्हर जुना झालाय, मान्य. भंगारातच जायचाय, तेही मान्य. पण अख्ख्या इन्स्टिट्यूटचे कॉम्प्युटर याच्या डिस्कला जोडलेले आहेत — ती जोडणी न सोडवता हा बंद केला की सगळे याच्या उत्तराची वाट बघत गोठून बसतात. मग शिव्या कोण खाणार? मी! तुम्ही तर गाडीत बसून पसार. कॉफी घ्या तोवर. बिस्कीट एकच — डबा मी लगेच बंद करते.

बाकी सगळे सुटले हो. एकटा तो मोठा कॉम्प्युटर राहिलाय, सगळे जण ज्यावर काम करतात तो. सोड म्हटलं की एकच पालुपद — वापरात आहे, वापरात आहे! म्हणजे कुणीतरी आत फोल्डरात ठाण मांडून बसलंय. कोण? श्युर्ड, दुसरं कोण — नेहमी सगळं उघडं टाकून जाणारा! मेल केली, दारावर कागद चिकटवला, आत्ता तुमच्यासमोर फोनवर झापला — तर म्हणे, 'वीत्स्के, मी कधीच बाहेर पडलोय.' खोटारडा! फोक्को नव्हता असा. त्यानेच हा सर्व्हर उभा केला, त्या समोरच्या टेबलावर बसून. रोज सगळं नीट बंद करून घरी जायचा. त्या शुक्रवारीही बंद करून गेला. सोमवारी त्याच्या बहिणीचा फोन आला — जाऊ दे, तुम्हाला काय त्याचं. थांबा, आत कोण आहे ते नावानिशी विचारता येतं याला. आता श्युर्डला तोंडावरच —

हे काय लिहून आलं — वीत्स्के? माझंच नाव?

छे. मी कशाला... हं. स्क्रीनवर माझीच ही खिडकी उघडी. मागे दडलेली. फोक्कोचं फोल्डर. उघडत काही नाही हो मी, सकाळी आल्यावर नुसती फाईलींची नावं वाचते. 'भरती-शेवटचं'. 'भरती-खरंच-शेवटचं'. असाच होता तो. नव्या सर्व्हरवर आहे सगळं, मीच नेलंय — पण तिथे तो कधी बसलाच नव्हता ना! असं काय बघताय? तुमच्या ट्रॉलीचीच धूळ गेलीय डोळ्यांत! श्युर्डला? मी नाही सांगणार.

हे घ्या. पडले बाहेर. सोड आता.

बघितलंत? चकार शब्द नाही. काम झालं की गप्प बसतो हा, अडलं तरच बोलतो.

उभे काय राहिलात? काढा तो प्लग. न्या! आणि जाताना दार ओढून घ्या.