भिंतीची आपा

सन्माननीय अध्यक्ष तात्यासाहेब, सोफ्यांवर विराजमान पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या अनवरीआपा, आणि शेवटच्या रांगेतल्या मुकुंदवाडीकर आयाबहिणींनो! या सभागृहात तुम्ही टाळ्या वाजवता त्या पुढच्यांचं पाहून. शब्द कधी कानी पडलाय तुमच्या?

हसू नका. मागच्या मेळाव्यात आपांचं भाषण संपल्यावर तुमच्याच रांगेतल्या गोजरबाई त्यांना म्हणाल्या, "आपा, भाषण लई गोड. पण मला एकावर एक दोन आपा ऐकू येतेत. खरी कोणती?"

"पहली मेरी, गोजरबाई. दुसरी भिंतीची."

आपांनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. त्या दिवशी त्यांनी आमची समितीच वर्गात बसवली. म्हणाल्या, स्पीकरमधला जाड आवाज फोडणीच्या वासासारखा चौफेर पसरतो, पण बारीक आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. आणि शब्द ओळखू येतो तो त्या बारीक आवाजावरच. झोत माणसांवर पडला तर अंगाकपड्यांत जिरतो. भिंतीच्या चकचकीत फरशीवर पडला तर उशिरा परत येतो आणि पुढच्या शब्दाच्या उरावर बसतो.

यावर आम्ही काय केलं? दुप्पट मोठे स्पीकर आणले! भिंतही दुप्पट बोलू लागली. स्पीकरची तोंडं मात्र होती तिथंच, बाजूच्या भिंतीला टेकवलेल्या मानाच्या सोफ्यांकडं. आपा ती शेवटच्या रांगेकडं वळवायच्या, आणि पाहुणे आले की स्पीकर सांभाळणारे आमचे शिवराजभाऊ पुन्हा सोफ्यांकडं करायचे. पाहुण्यांचा मान कसा मोडायचा? काय ही अदब, मंडळी! ज्याला तसंही ऐकू येतं, त्याच्याच कानात ओतायचं?

एरवी मी हे हसण्यावारी नेलं असतं. मला माईक लागतच नाही, हे तुम्ही भोगलंय. पण उन्हाळ्यात आपांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. उरलीय ती कुजबूज, म्हणजे सगळा बारीकच आवाज. माझ्यानंतर त्या बोलणार आहेत, ज्या बायकांना त्यांनी पाटी-पेन्सिल हाती देऊन सही करायला शिकवलं त्यांच्याशी. तो निरोप भिंतीनं गिळायचा का?

आयोजकांचे आभार, आणि माझा दणका इतक्या जवळून सोसणाऱ्या तात्यासाहेबांचे जरा जास्त. जीभ कुठं सैल सुटली असेल तर आपांवरच्या मायेच्या खाती टाका. शिवराजभाऊ रिवाज मोडणार नाहीत; मोडूही नका. जिथं मान, तिथं स्पीकर! म्हणून पाहुण्यांनो, आपांनी माईक हाती घ्यायच्या आत उठा, आणि सोफे उचलून गोजरबाईंच्या शेजारी नेऊन बसा.