कॉकपिटमधली तिसरी खुर्ची

हॅलो? … हो ग्लेन, मीच, डार्लीन. साडेचार वाजलेत, मिलवॉकी, गेट सतरा, आणि विमान भरलंय.

… भरलंय म्हणजे भरलंय. एक जागा नाही. उद्या तुमच्या कॅन्सस सिटीला फुटबॉलचा सामना आहे ना, इथलं अर्धं गाव निघालंय. डोक्यावर चीजच्या फोडीसारख्या त्या पिवळ्या टोप्या. एकेक टोपी एवढी मोठी की तिचंही तिकीट काढायला हवं.

… सकाळी का नाही निघाले? सकाळी मी विमान चालवत होते, ग्लेन. वैमानिक संघटनेच्या माणसांपैकी कुणीतरी कामही करायला हवं.

… थांब, घाबरू नकोस. अध्यक्ष आहेस ना? मग अध्यक्षासारखा श्वास घे.

… दुसरं विमान नाही. शिकागोवरून आले तर दहा वाजतील, गाडीने रात्र जाईल. … मतदान आठला, हो, ठाऊक आहे. … फोनवरून कसं देणार? मंडळातल्या हॅरल्डने होडीत बसून मासे पकडता पकडता मत दिलं, आणि ऐन वेळी ‘आला, आला, ओढ’ म्हणाला. ते ‘हो’ धरायचं की ‘नाही’, यावर तुम्ही महिनाभर भांडलात. तेव्हापासून खोलीत हजर राहूनच हात वर करायचा. नियम तूच लिहिलायस.

… एक मिनिट. … काय म्हणालात, आजोबा? … नाही, हे विमान मी नाही चालवणार. हे थोरल्या कंपनीचं. मी धाकटीत आहे, त्यांच्यासाठी लहान विमानं उडवणारीत. … हो, शेपटीवर बगळा तोच, रंगही तोच. फरक पगाराच्या दिवशी दिसतो. … तिकीट नाही माझ्याकडे. वैमानिकांच्या मागे एक घडीची खुर्ची असते, तिसरी. तिथे दुसऱ्या कंपनीचा वैमानिक फुकट बसू शकतो, कॅप्टनने हो म्हटलं तर. … टोपी छान आहे तुमची.

… हं, बोल. … एक आजोबा होते. … हो रे, तिसरी खुर्चीच. दुसरा मार्गच नाही. म्हणून तर तुझा फोन घेतला.

… सगळं पाठ आहे मला. तू आणि पॅम या बाजूला, ते दोघं त्या बाजूला, पाचवी मी. मी पोचले नाही तर दोन-दोन, पगारकपातीचा ठराव पडला. पडला की ती तीस नवी विमानं थोरली दुसऱ्या कुठल्यातरी धाकटीला देणार, आपल्याहून स्वस्तात उडवणारीला. आपण नऊ टक्के पगार सोडला तर आपल्याला. नवरा म्हणतो मी झोपेतही हेच बडबडते.

… कॅप्टन कोण आहे, ते सांगते. बसलायस ना? … कर्टिस लुंड.

… हो, तोच. चार वर्षं माझा सहवैमानिक म्हणून उजव्या हाताला बसला होता, मग थोरलीत गेला. माझं अर्धं सँडविच खायचा. मार्चपासून थोरलीत कॅप्टन आहे, खांद्यावर चार पट्ट्या लागल्यात. मिशी काढलीये.

… ग्लेन? … चघळायचा का थांबलास? … बार्बेक्यूच्या बरगड्या ना? वाटलंच. मी इथे अडकलेय आणि तुम्ही तिथे मतदानाआधी जेवून घेताय.

… हो, थँक्सगिव्हिंगवालाच कर्टिस. सणाच्या आदल्या दिवशी, ह्याच विमानतळावर तुझ्या विमानाच्या दारात उभा राहिला, टोपी काढून तिसरी खुर्ची मागितली, आणि तू म्हणालास वजन जास्त होतंय. … खरंच होत होतं? त्याच विमानातून तुझ्या गोल्फच्या बॅगा गेल्या ना? … नोव्हेंबरात गोल्फ कोण खेळतं? … पुढे फ्लोरिडाला. बरं. बॅगा फ्लोरिडाला पोचल्या आणि तो इथल्या बाकावर झोपला. टर्कीऐवजी यंत्रातले शेंगदाणे. तो बाक दिसतोय मला इथून. आता त्यावर एक पिवळी टोपी झोपलीये.

… वर तूच सगळ्यांना पत्रक काढलंस. ‘थोरलीच्या वैमानिकांना जरा वाट पाहायला शिकवा.’ … खाली माझं नाव होतं, कारण पाचही नावं तूच घातलीस. मला विचारलं होतंस? … मग.

… थांब, गेटवाली बोलावतेय. कॅप्टनला विचारून ये म्हणते. फोन खिशात टाकतेय, ठेवू नकोस. … आणि चघळू नकोस, खिशातून ऐकू येतं.

हॅलो? आहेस ना?

… विचारलं. रीतीप्रमाणे. पाय कॉकपिटच्या बाहेर ठेवून, ‘कॅप्टन, आज तुमच्याकडे बसू का?’ … हो, ‘तुमच्याकडे’. ज्याच्या हाती ससा तो पारधी. ज्याला मी उतरताना विमानाचं नाक वर धरायला शिकवलं, त्याच्यासमोर टोपी काढून उभी राहिले. चाललं मला. … चीजचे गोळे दिले. सकाळचे ताजे, दाताखाली अजून चुंई चुंई वाजतात. एक पिशवी केबिनवाल्यांना, एक कॉकपिटला. फुकट बसायचं तर रिकाम्या हाताने जाऊ नये, माझ्या पहिल्या कॅप्टनने शिकवलं होतं. … तू काय नेतोस? … पेन? कंपनीचं पेन?

… काय म्हणाला ते सांगतेय ना. आधी एक गोळा खाल्ला. मग दुसरा खाल्ला. मग म्हणाला, डार्लीन, वजन जरा जास्त होतंय.

… एकशे साठ माणसांचं विमान आहे, ग्लेन. गंमत करत होता. … हसला ना नंतर. मीही हसले, थोडं उशिरा.

… ठाऊक आहे त्याला मी कुठे चाललेय. सगळ्यांनाच आहे. आपल्याला मिळाली तर ती तीस विमानं उडणार कुठे? त्याच्याच मार्गांवर; दुसऱ्या धाकटीचे मार्ग वेगळे. मग थोरलीत कॅप्टन जास्त झाले की सगळ्यात नवा खाली उतरणार, आणि सगळ्यात नवा तोच आहे. पुन्हा उजव्या खुर्चीत. चार पट्ट्यांच्या तीन. मार्चमध्ये बायकोने मेजवानी दिली होती, मी गेले होते, केकवर विमान काढलं होतं. … मला न्यायचंच नसतं तर त्याला काही करावं लागलं नसतं. ‘नाही’ म्हटलं की झालं. कॅप्टनला कारण विचारायची पद्धत नाही.

… नाही, ‘नाही’ म्हणाला नाही. अट घातली.

… ऐक तरी. तो म्हणाला, तू कधीही ये आणि बस. पण आज ही खुर्ची तुझ्यासाठी मागितली जात नाहीये, तुझ्या मतासाठी मागितली जातेय. मत ग्लेनला हवंय. ज्याला जागा हवी त्याने कॅप्टनला स्वतःच्या तोंडाने विचारायचं, ही रीत. तर ग्लेनने विचारावं. … हो, तू. फोनवर. ‘प्लीज’ म्हणून.

… शिव्या नंतर दे, पाचला दार लागतं.

… हे ब्लॅकमेल नाही, ग्लेन. ब्लॅकमेलमध्ये पैसे मागतात. … वकिलाला विचारून सांगतोस? काय विचारणार, ‘प्लीज’ म्हटल्याचे परिणाम काय होतील? … लेखी नको म्हणालाय. म्हणाला, ग्लेन लेखी फार छान लिहितो, पत्रक वाचलंय मी. … ‘घडल्या प्रकाराबद्दल मंडळाला खेद आहे’ हे पण नको. मंडळ नव्हतं त्या दारात, तू होतास. … आधी त्याने मान्य करावं की वजन खरंच जास्त होतं, आणि मग तू म्हणशील? अरे, हा करार नाहीये. समोर थोरलीचे मॅनेजर नाहीत. एक माणूस आहे आणि तो चीज खातोय.

… हो, पॅमला दे. … पॅम, कशी आहेस? … हो. … हो, एवढंच. … तूच सांग त्याला. … सांगितलंस? मग? … खोलीच्या बाहेर गेला? फोन न घेताच? … त्याच्या मागे जा, पॅम.

… हं. ग्लेन. ऐक, आता मी बोलते, तू मध्ये बोलू नकोस.

माझ्या उजव्या हाताला सध्या ऑड्रा बसते. बघितलीयेस तू तिला, उंच, सारखी जांभया देणारी. जांभया का देते? पार्किंगमध्ये गाडीत झोपते म्हणून. इथे भाड्याची खोली परवडत नाही. मागच्या आठवड्यात तिने विचारलं, कॅप्टन, या ठरावाचं मी काय समजू? मी म्हटलं, नऊ टक्के गिळ, नाहीतर उडवायला विमानंच उरणार नाहीत. हे मी तिला तुझ्या सांगण्यावरून सांगितलं. तुझेच शब्द. आणि ती भांडली नाही, वकिलाला विचारते म्हणाली नाही. ‘ठीक आहे, कॅप्टन’ म्हणाली आणि तपासणीची यादी वाचायला लागली.

तिने गिळले. आपल्या चारशे माणसांनी गिळावेत म्हणून आज आठला तुला माझा हात वर हवाय. आणि तुला स्वतःला एक शब्द गिळवत नाही.

… नाही, ओरडत नाहीये मी. इथे गोंगाट आहे.

… ग्लेन?

… बरं. गेटवाली हात करतेय. मी आत जातेय. फोन त्याच्या कानाशी धरते. तुला बोलायचं असेल तर बोल. … हो, गेटपासून विमानाच्या दारापर्यंत तो बंदिस्त पूल आहे, तिथे रेंज कमी असते. मोठ्याने बोल. … कर्टिस, हा घे. ग्लेन आहे. … बोल, ग्लेन. … ग्लेन? … हॅलो?

हॅलो? … हो. कट झाला की केलास? … बरं, कट झाला.

… आत आहे. बसलेय, पट्टा लावलाय. … तू बोलला नव्हतास. लाइन गेली तेव्हा मी त्याला म्हटलं, जाते मी, उतरते. तर म्हणाला, कुठे चाललीस, बस. गेटवालीच्या कागदावर माझं नाव त्याने आधीच घालायला सांगितलं होतं. मी दारात उभी राहायच्याही आधी.

… मग अट कशाला घातली? विचारलं मी. म्हणाला, बघायचं होतं.

… काय? … पुन्हा बोल. … हो, ऐकलं. … ‘प्लीज’सुद्धा ऐकलं. पण मला म्हणून काय उपयोग? त्याने कानावर हेडसेट चढवलाय, दार लागलंय, याद्या वाचायला लागलेत ते दोघं. … आता मध्ये तोंड घालता येत नाही, तुला ठाऊक आहे. दहा हजार फुटांवर गेलो की सांगेन. … शब्द न शब्द सांगेन. … नाही, ‘मनापासून’ माझ्या पदरचं घालणार नाही. तूच भेटून घाल.

… मत? … ग्लेन, माझे गुडघे त्याच्या खुर्चीच्या पाठीला टेकलेत. त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्या माझ्या नाकापासून हातभर लांब आहेत. … नाही, तसं म्हणत नाहीये. … ‘हो’ असंही म्हणत नाहीये. ऑड्राची गाडीही दिसतेय मला डोळ्यांपुढे. … येतेय ना मी? खोलीत असेन आठला. … हात आहेत मला दोन, त्यातला एक वर होईल. कशावर, ते विचारू नकोस आत्ता.

… त्या बरगड्या उरल्यात का? … मग दोघांपुरत्या ठेव. … दुसरा कर्टिस. तिथेच राहतो ना, कॅन्सस सिटीत. त्या थँक्सगिव्हिंगलाही घरीच चालला होता.

… मागे वळून बघतोय. फोन बंद कर म्हणतोय. … हो, कॅप्टन.