अण्णांचे पुठ्ठे

शाळेत कॉम्प्युटर शिकवतो म्हणून तुम्ही मला लई हुशार समजता ना, मग हे ऐकाच. आमच्या शेजारचे अण्णा जन्मभर चादरीच्या मागावर राबलेले. त्यांच्या बायकोला, अक्कांना, दिसत नाही. छोट्या प्लेअरवर रोज सकाळी ठरलेल्या क्रमानं भजनं लागतात आणि तिसरं संपलं की अक्का गोळी घेतात. तो प्लेअर बिघडला. नव्यात भजनं भरायचं काम माझ्याकडं आलं.

माझ्या लॅपटॉपवर विंडोज नाही, लिनक्स. भजनांना ओळीनं नंबर दिले, सगळी एकदम कॉपी केली. स्क्रीनवर क्रम अगदी बरोबर, प्लेअरवर मात्र आधी सातवं, मग दुसरं! तीनदा पुसून भरलं, तरी तीच तऱ्हा. शेवटी वैतागून म्हणालो, "अण्णा, हा प्लेअरच भंगार आहे."

अण्णा म्हणाले, "सगळी एकदम टाकली व्हय?"

"हो, पण नंबर दिलेत की!"

"नंबर आपल्यासाठी असतोय, सर. नक्षीसाठी मागावर भोकं पाडलेले पुठ्ठे ओवून लावत्यात, त्यांच्यावर आमी बी नंबर घालायचो. पन मागाला वाचता येतंय व्हय? पुठ्ठे ज्या क्रमानं ओवले, तशीच नक्षी उतरायची. हितं बी एकेक ओवून बघा की."

मला हसू आलं, तरी एकेक भजन क्रमानं कॉपी केलं आणि प्लेअर लावला. पहिलं झालं, दुसरं झालं. तिसरं संपलं तसा आतून अक्कांचा आवाज आला, "अहो, पाणी द्या, गोळी घ्यायचीय."

सगळी एकदम टाकली की भजनं वाट्टेल त्या क्रमानं आत जात होती, आणि प्लेअर नंबर न बघता त्याच क्रमानं वाजवत होता. दुसऱ्या दिवशी वर्गात हाच धडा घेतला, आणि फळ्यावर आधी चादरीची नक्षी काढली.