निळ्या कोटातला डॉक्टर

मामी : मी नाही विचारत आता. तूच विचार तुझ्या मामाला, त्या डॉक्टरचा कोट कुठल्या रंगाचा आहे.

भाची : मामा, कोट?

मामा : निळा. आणि तो डॉक्टर नाही, लिफ्टमन आहे.

मामी : ऐकलंस? मालिका सुरू झाल्यापासून हेच चाललंय.

मामा : अगं, त्या दवाखान्यात एकही डॉक्टर नाही. झाडून सगळे निळ्या कोटात. इमारत चार मजली आणि लिफ्टमन ढीगभर. म्हणून तर पेशंट दगावतात.

मामी : काल त्याने नायिकेच्या वडिलांच्या मेंदूचं ऑपरेशन केलं!

मामा : तेच म्हणतोय मी. लिफ्टमनने मेंदू उघडला आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

भाची : पण मामी, म्हणून लगेच उद्या याच्या डोळ्याचं ऑपरेशन?

मामी : लगेच कुठलं? डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, बारीकसा मोतीबिंदू आहे, घाई नाही. पण पांढरं निळं दिसत असेल तर काढूनच टाकू.

मामा : मला पांढरं पांढरंच दिसतं. निळं निळं दिसतं. आणि उद्या सकाळी माझ्या धडधाकट डोळ्यात सुरी जाणार, कशासाठी, तर लिफ्टमनच्या कपड्यांसाठी.

भाची : मोतीबिंदूत उलट पिवळट दिसतं ना गं?

मामी : यांचं सगळंच उलटं. आणि टीव्हीत खोट काढायची तर सोयच नाही. तुमच्या लॅबमधून आलाय. तू बनवलेला.

भाची : आख्खा नाही बनवला. वरचा थर तेवढा माझा.

मामा : शास्त्रज्ञ बाई, तो थर करतो काय, एवढं तरी सांगा. जायच्या आधी कळू दे.

मामी : मोतीबिंदूने कुणी जात नाही हो.

भाची : हे बघ मामा, या टीव्हीत मागे दिवा नसतो. प्रत्येक ठिपका आपला आपण पेटतो. त्याचा उजेड दोन आरशांमध्ये कोंडल्यासारखा असतो, इकडे आपट तिकडे आपट करत बाहेर पडतो. सरळ समोर आला तर ठरलेला रंग. तिरका सटकला, की रंग निळ्याकडे झुकतो.

मामा : निळ्याकडे.

भाची : हो, पण ती जुनी गोष्ट. आता वर माझा थर आहे ना. त्याला बारीक चुण्या आहेत, डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्या उजेड आजूबाजूला पसरवतात. त्यामुळे कडेच्या खुर्चीतूनही पांढरा तो पांढराच. मामी तिथेच बसते, विचार तिला.

मामी : दुधासारखा.

भाची : मशीनवरही तपासलंय. मशीनचा हात पार डावीकडून पार उजवीकडे फिरतो. कुठेही निळं नाही. उद्या सर सही करतील, की थर कारखान्यात.

मामा : माझ्याकडे फिरतो का तो हात?

भाची : तुझ्याकडे म्हणजे?

मामा : खाली. मी इथे चटईवर, टीव्ही तिथे छताला टेकलेला. मी त्याच्या पायाशी.

भाची : मला वाटलं तू रुसून पडलायस.

मामा : कंबर गेलीय! हाच टीव्ही वर चढवताना गेली. मालिका सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. डॉक्टर म्हणाले, कडक जमिनीवर उताणे पडून राहा. खरे डॉक्टर. पांढऱ्या कोटातले.

मामी : बुटक्या कपाटावर चांगली जागा होती. पण नाही, उंचच हवा.

भाची : थांबा. एक मिनिट थांबा.

मामा : काय झालं?

भाची : चुण्या उभ्या आहेत.

मामी : मग? बसवायच्या होत्या का?

भाची : उभ्या चुण्या उजेड डावी-उजवीकडे पसरवतात. वर-खाली नाही.

मामी : एवढे शिकलेले तुम्ही सगळे, वर-खालीही पसरवायचा की.

भाची : खाली कोण असणार, असं वाटलं गं. मीटिंगमध्ये सगळे खुर्च्यांवर होतो. मामा, सरक.

(भाची मामांच्या शेजारी चटईवर उताणी पडते.)

मामा : डोकं इकडे घे. उशी मागू नकोस, एकच आहे.

भाची : आई गं!

मामा : कंबर?

भाची : कोट.

मामा : रंग सांग. मोठ्याने, खुर्चीपर्यंत जाऊ दे.

भाची : निळा. मामा, हे खरंच सगळे लिफ्टमन आहेत.

मामा : आता बोला!

मामी : ती तुमचीच भाची. तुमच्या घरात एकाला ठेच लागली की दुसरा लंगडतो.

भाची : शप्पथ, मामी. तो फोन दे इकडे... हॅलो, सर? उद्याची सही थांबवा. थर अर्धंच काम करतोय. बाजूने ठीक आहे, खालून निळा... खालून म्हणजे जमिनीवरून... नाही, पडले नाही. म्हणजे पडलेय, पण मुद्दाम... चुण्यांच्या जागी बारीक बारीक घुमट करावे लागतील, म्हणजे उजेड चहूकडे जाईल... हो, उशीर होईल. हो सर, मीच म्हणाले होते तयार आहे म्हणून... कुणी शोधलं? माझ्या मामाने... नाही, आपल्याकडे नोकरीला नाही.

मामा : रागावले?

भाची : आधी रागावले. मग पत्ता विचारला. येतायत बघायला. स्वतःची उशी आणू का म्हणाले.

मामी : अहो, पण मग तुमचा मोतीबिंदू?

मामा : बारीक आहे. घाई नाही.

मामी : हं. सरका.

मामा : अगं, गुडघे तुझे...

मामी : गुडघ्यांचं मी बघते. तुम्ही हात द्या.

मामा : सावकाश. टेक आता. हं, बघ वर.

भाची : दिसतंय का, मामी?... मामी?

मामी : इतके दिवस एकटेच सांगत होतात. निळाच आहे हो.

मामा : हळू बोल. उद्या सकाळी तुलाही घेऊन जातील.