मेहुण्याची उशिरा नोंदणी

राजूरच्या स्टँडवर धरणाकडं जाणाऱ्या गाडीची वाट बघत एक नवराबायको माझ्यापुढं उभे होते.

"चांगुणे, शिडाच्या होड्यांचा कप आज आपलाच! सोसायटीच्या निवडनुकीत डमी उभा करत्यात ना, तसा तुझा भाऊ उशिरानं शर्यतीत घुसवलाय. माझ्या मागोमाग असलेल्या त्या हर्षलचं गनितच बिघडवतो."

"क्लबच्या सेक्रेटरींना इचारलं का?"

"त्यात काय इचारायचं?"

"मी इचारलं. हितं समद्या फेऱ्यांची बेरीज करून ज्याचे गुन कमी, त्यो पुढं. फेरी चुकली, की जेवढ्या होड्या त्याच्यावर एक, एवढे गुन बसत्यात."

"मग बसू दे की तुझ्या भावाला. त्यानं कुठं जिंकायचंय?"

"अवं, एक फेरी तुमी पन चुकवली. पुतन्याच्या वरातीत नाचत हुता."

"तवा आठच होड्या हुत्या!"

"भावाची धरून नऊ झाल्या. तुमचा बी एक गुन वाढला. हर्षलच्या पुढं एकाच गुनानं हुता, आता बरोबरी."

"मग त्याला अर्ज मागं घ्यायला सांग."

"मागं घेतला तरी होडी मोजत्यात."

"लई शानी हाईत ही मानसं! असू दे, आज हर्षलला पान्यातच हरवतो."

बाईंचा फोन वाजला. त्यांनी ऐकून पिशवीत ठेवला.

"भाऊ हुता. सराव करताना काठाला बांधलेल्या तुमच्या होडीवर धडकला. तुमची बुडाली."